दहातले सहा

त्या दिवाळीत आमचं नागपूरचं घर खोक्यांत भरलेलं होतं. वडिलांची बदली झाली होती, नव्या गावी राहायला जागा मिळायची होती, आणि मला सुट्टी संपल्यावर लगेच संख्याशास्त्राची परीक्षा द्यायची होती. म्हणून मला जानेफळला, वडिलांच्या थोरल्या भावाकडे, मोठ्या बाबांकडे पाठवण्यात आलं. तिथं शांतता आहे, अभ्यास होईल, असं आई म्हणाली. आईला जानेफळची उन्हाळ्यातली शांतता माहीत होती. दसऱ्यानंतर त्या घरात काय चालतं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं.

दसरा ते दिवाळी हा कांद्याचं रोप टाकण्याचा हंगाम. आणि मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, कांद्याचं बी करायची. चांगले कांदे निवडून लावायचे, त्यांना डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, फुटले की पांढरी फुलं येतात, ती वाळली की त्यांतून काळं, तिळाहून बारीक बी निघतं. शेत मोठे बाबा बघत, पण बियाला ते हात लावत नसत. फुलं कधी खुडायची, बी किती ऊन द्यायचं, कुठल्या मडक्यात किती राख घालून ठेवायचं, हे सगळं मोठ्या आईचं. बी घ्यायला लोक लांबून येत. ओसरीवर सकाळपासून चपला साचत आणि मी मधल्या खोलीत बसून त्या मोजत असे, कारण बाहेर जायचं म्हणजे त्या माणसांमधून जायचं.

मला माणसांमधून जायची सवय नव्हती. माझी शाळा इंग्रजी, मैत्रिणी मोजक्या, आणि मराठी पुस्तकी. ओसरीवरची बोली मला समजायची, पण मी उत्तर दिलं की सगळे एकदम गप्प होऊन माझ्याकडे बघत. वहिनी, म्हणजे मोठ्या आईची सून, मला मॅडम म्हणायची. "मॅडम, च्या पेता काय?" असं ती दारातून ओरडली की ओसरी हसायची. त्यात वाईट काही नव्हतं. तरी मी चहा नको म्हणायची आणि मग दुपारपर्यंत चहाचाच विचार करत बसायची.

माझ्याकडे कॅल्क्युलेटर होता. वडिलांच्या ओळखीच्या एकांनी परदेशातून आणलेला, लाल आकड्यांचा. कॉलेजात आम्ही हातानं फिरवायच्या यंत्रांवर गणितं करायचो. ती लोखंडी यंत्रं इतकी खडखडायची की प्रॅक्टिकलच्या खोलीत बोललेलं ऐकू येत नसे, आणि मला ते बरं वाटायचं. त्या वर्षी परीक्षेत पहिल्यांदाच कॅल्क्युलेटरला परवानगी मिळाली होती. माझ्या कॅल्क्युलेटरला घातांकाचं बटण नव्हतं. ०.८ चा दहावा घात काढायचा तर ०.८ टाकून गुणाकाराचं बटण दाबायचं आणि मग बरोबरचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहायचं. पहिल्यांदा दाबलं की वर्ग येतो, म्हणून दहाव्या घातासाठी नऊ वेळा. मध्येच कुणी हाक मारली की मोजणी चुकायची आणि पुन्हा पहिल्यापासून. सेल लवकर संपायचे, म्हणून मी दोन बटणांच्या मध्ये जास्त थांबत नसे. त्या घाईनं बोटांना एक चाळाच लागला होता. जेवतानाही अंगठा ताटाच्या कडेवर आपटत राहायचा.

पुस्तकातली गणितं बल्बची आणि खिळ्यांची होती. कारखान्यात दहापैकी इतके बल्ब सदोष असतात, तर दहा बल्ब उचलल्यास जास्तीत जास्त दोन सदोष असण्याची संभाव्यता काढा. मी ती यांत्रिकपणे सोडवत होते. मी कधी बल्बचा कारखाना पाहिला नव्हता.

एका सकाळी ओसरीवर आवाज चढला. दुसरबीडकडचे एक शेतकरी आले होते. दर वर्षी एसटीनं येऊन बी नेणारे, वयानं मोठ्या बाबांएवढे. आठवड्यापूर्वी त्यांनी बी नेलं होतं आणि आता ते पिशवीसकट परत आले होते. त्यांच्या हातात एक ओलं फडकं होतं.

इथं एक रीत सांगायला हवी. बी घरी नेलं की कुणी ते तसंच वाफ्यात टाकत नाही. दहा बिया ओल्या फडक्यात बांधून रांजणाच्या बुडाशी ठेवतात, आणि कोंब आले की उघडून बघतात. दहात आठ निघाल्या तर बी चांगलं. त्या भागात सगळे हेच करत, आणि मोठ्या आईचं बी म्हणजे दहात आठ, असं लोक एखाद्या सरकारी शिक्क्यासारखं म्हणत.

त्यांनी फडकं ओसरीवर उलगडलं. "मोजा बाई, तुमच्याच हातानं मोजा. सहा. चार तर फुगल्या बी नाहीत."

"फडकं वाळू देलं अशीन तुम्ही," मोठी आई म्हणाली.

"म्या वाळू देतो व्हय? इतकी वर्सं नेतोय, एकदा तरी बोललो का?"

"मंग यंदाच काऊन बोलून राह्यले?"

"यंदाच सहा निघाल्या म्हणून!"

बाकीचे लोक पुढे सरकले. एक जण म्हणाला, त्याच्या नऊ निघाल्या. दुसऱ्यानं अजून घातलंच नव्हतं. तो आता हातातल्या पिशवीकडे बघायला लागला. मोठ्या आईनं बी मोजायचं मापटं खाली ठेवलं. ती कधी मापटं खाली ठेवत नसे. लोक बसलेले असले की ते तिच्या हातात असायचं, बोलतानाही.

मी आत वहीकडे बघितलं. हेच गणित होतं. बल्ब नव्हते, एवढंच. मी ०.८ टाकलं आणि बटण दाबायला लागले. दहाच्या दहा, नऊ, आठ, सात, यांची एकेक संभाव्यता काढली, बेरीज करून एकातून वजा केली. दहात आठ निघणारं चांगलं बी असलं, तरीही दहाच बिया घातल्या तर सहा किंवा त्याहून कमी निघण्याची शक्यता शंभरात बारा. मी दोनदा करून पाहिलं. शंभरात बारा म्हणजे आठ घरांत फडकी बांधली तर एका घरी हे होणारच, साधारणपणे. मग मला वाटलं, साधारणपणे कशाला, नेमकंच काढू. आठ घरांपैकी निदान एका घरी असं होण्याची शक्यता काढली तर चौसष्ट टक्के आली. मोठ्या आईकडून तर त्या हंगामात कितीतरी घरांनी बी नेलं होतं. कुणीतरी सहा कोंब घेऊन परत येणार हे जवळजवळ ठरलेलंच होतं.

हे मला माहीत होतं आणि बाहेर कुणालाही माहीत नव्हतं. मी उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. कागद हातात घेतला, ठेवला. कुठल्या शब्दांत सांगायचं? संभाव्यता हा शब्द मला स्वतःलाच परका होता, आमच्याकडे सगळं इंग्रजीतून. बाहेर मोठी आई म्हणत होती, "एका घरी नाव खराब झालं का सगळ्या घरी होते," आणि तिचा आवाज मला ओळखू येत नव्हता.

मी वहिनीला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. तिनं पोळी लाटता लाटता ऐकलं. "म्हन्जे चांगल्या बियातूनबी कधी कधी सहाच निघते?"

"हो. नुसत्या योगायोगानं. आठात एका घरी."

"मंग थे बाहेर सांग ना वं, मले काय सांगून राह्यली?"

"तुम्ही सांगा ना."

वहिनीनं लाटणं ठेवलं, पदराला हात पुसले आणि ओसरीवर जाऊन मोठ्यानं जाहीर केलं, "आमच्या मॅडमनं मशीनवर काढलं, बी चांगलं असलं तरी आठात एका घरी सहाच निघते. तुमचं थे आठवं घर हाय!"

ओसरी हसली. दुसरबीडवालेही हसले, पण पिशवी मांडीवरून हलली नाही. "मग मशीनवरच कांदे उगवा आता," ते म्हणाले. "कुठंय ती मॅडम? बाहेर तरी येऊ द्या."

मी बाहेर गेले. कॅल्क्युलेटर हातात होता, तो लपवायला जागा नव्हती. सगळे बघत होते. मी जमिनीकडे बघत म्हणाले, "दहा बियांवरून काही कळत नाही. शंभर घालायला हव्या."

"शंभर?"

"हो. गोणपाटात. तुमच्याच पिशवीतल्या. आणि डोळे मिटून काढायच्या, निवडायच्या नाहीत."

"आंधळी कोशिंबीर हाय काय हे?" कुणीतरी म्हणालं. पण त्यांना ते पटलं. त्यांनी खरोखर डोळे मिटले, पिशवीत हात घातला आणि चिमटीनं बिया वहिनीच्या ताटात टाकल्या. शंभर झाल्या तेव्हा उरलेल्या परत पिशवीत ओतल्या. पुढच्या बाजारच्या दिवशी येतो, म्हणाले. पिशवी त्यांनी आमच्याकडेच ठेवली.

 मी वर पाहिलं तेव्हा मोठी आई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं तिला अभिमान वाटतो आहे. तीन-चार दिवसांतच मला माझी चूक कळली.

गोणपाट भिजवून, त्यावर बिया ओळीनं मांडून, गुंडाळी करून ती न्हाणीच्या भिंतीला सावलीत ठेवली. पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे आलं. शंभर बियांचं गणित कॅल्क्युलेटरवर एकेक करून होण्यासारखं नव्हतं. त्यासाठी दुसरी पद्धत आहे. सरासरी ऐंशी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना किती चढउतार चालेल ते वर्गमुळावरून काढायचं. तो चार आला. दुप्पट आठ. म्हणजे बी दहात आठचं असेल तर कोंब बहात्तर ते अठ्ठ्याऐंशीमध्ये कुठंतरी येणार, त्याखाली फार क्वचित. बहात्तर. मी तो आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहिला आणि त्याभोवती इतक्या वेळा चौकोन काढला की कागद फाटला.

अभ्यास होईना. एक गणित सोडवलं की मी न्हाणीकडे जायची. गुंडाळी उघडायची नाही हे मीच सगळ्यांना बजावलं होतं, त्यामुळे नुसतीच बाहेरून हात लावून यायची. वहिनी म्हणायची, "अंडे उबवून राह्यल्या काय मॅडम?"

बी घ्यायला येणारे कमी झाले होते. येणारे बसत, चहा पीत, आणि म्हणत, बाजाराच्या दिवशी बघू. मोजण्याइतक्या चपला उरल्या नव्हत्या.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मोठ्या आईनं मला बियांच्या खोलीत हाक मारली. ती फळीवरची मडकी खाली काढत होती. एक मडकं मला धरायला दिलं. रिकामं होतं, बुडाशी राख आणि चार-दोन बिया चिकटलेल्या.

"हे मागच्या सालचं," ती म्हणाली.

मला पहिल्यांदा समजलं नाही. तिनं बाकीचं सांगितलं तेव्हा हात कामात होते, एका मडक्यावरचं फडकं काढून पुन्हा बांधत होती. चैत्रात डेंगळे भरात असताना गारपीट झाली होती. निम्मी फुलं जमिनीवर. जे बी निघालं ते चांगलं होतं, पण पुरेसं नव्हतं. "दरसालचे लोक. कोनी सासऱ्याच्या वक्तापासून येते. कोनाले रिकाम्या हातानं वापस लावू? मंग तीन भाग नवं आन एक भाग जुनं, असं केलं."

कांद्याचं बी वर्षभरात म्हातारं होतं, हे त्या घरात राहून मलाही कळलं होतं.

"निघतेच ना पन त्यातून बी," ती म्हणाली. "काई तं निघते."

मी मडकं धरून उभी होते. मनात नको असताना हिशेब सुरू झाला होता. नव्याचे इतके, जुन्याचे निम्मे, तर दहात सात. सव्वासात. चार-दोन कोंब इकडे तिकडे.

"तुह्या मशीनचं लोक आयकतात," ती म्हणाली. "इंग्रजी शिकलेली पोरगी. त्या दिवशी कसे कबूल झाले पाह्यलं ना? बाजाराच्या दिवशी कमी निघाल्या, तं तसंच सांगजो. का असं होते म्हनून. योगायोगानं."

ते खोटंही नव्हतं. योगायोगानं काहीही होतं. शंभरात बारा वेळा होतं ते योगायोगानं होतं आणि शंभरात एकदा होतं तेही योगायोगानंच होतं.  मी मडकं फळीवर ठेवलं. त्यानंतरचे दिवस मी त्या एका वाक्यावर काढले. ते कसं म्हणायचं, कुठला शब्द आधी, आवाज कसा ठेवायचा. कधी वाटायचं, ऐंशी निघतील आणि मला तोंड उघडावंच लागणार नाही. मी न्हाणीकडे जाणं बंद केलं. पाणी वहिनी शिंपडायला लागली.

बाजाराच्या दिवशी दुसरबीडवाले सकाळच्या एसटीनं आले. ओसरीवर बसायला जागा नव्हती. त्यांच्यासमोर गुंडाळी उलगडली. पांढरे कोंब गोणपाटाच्या धाग्यांत अडकले होते, म्हणून ते एकेक सोडवून मोजायला वेळ लागला. त्यांनी मोजले, मग मोठ्या बाबांनी मोजले. एकाहत्तर.

"सत्तरच्या वर तं हाय," कुणीतरी म्हणालं. "वाईट नाई."

"चांगलं बी नाही," दुसरबीडवाले म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. या वेळी मॅडम म्हणाले नाहीत. "सांग पोरी. तुझं यंत्र काय म्हणतंय? ह्ये पण असंच होतं का कधी कधी?"

मोठी आई मापटं हातात धरून उभी होती. तिच्याकडे न बघता मला ती दिसत होती. माझ्या तोंडात ते पाठ केलेलं वाक्य तयार होतं आणि ते खरं होतं. फक्त त्याच्यापुढे एक आकडा होता. तो आकडा गाळून ते वाक्य म्हणणं मला जमेल असं मी सकाळपर्यंत धरून चालले होते.

"होतं," मी म्हणाले. "पण बी दहात आठचं असेल तर शंभरात दोनदाच."

 आठात एक ऐकून सगळे हसले होते. शंभरात दोन हे त्यांना समजवून सांगावं लागलं नाही.

"आन अठ्ठ्यान्नव वेळा काय असते?" मागून एका म्हाताऱ्यानं विचारलं.

 त्याचं उत्तर माझ्या हातातलं नव्हतं. मोठ्या आईनंच दिलं. "जुनं मिसळलं हाय," ती म्हणाली. "चौथा भाग. गार पडली, तुमी सगळ्यायनं पाह्यली. कोनाले नाई म्हनवलं नाई."

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. झाला नाही. ते त्याहून वाईट होतं. दोघं-तिघं उठले, चपला शोधायला लागले. एक जण नुसतं म्हणाला, "आधी सांगतलं असतं तं दाट फेकलं असतं ना बाई. आता वाफे झाले." त्याचं रोप त्याच आठवड्यात वर आलं होतं, विरळ. त्या जागी पुन्हा टाकायला उशीर झाला होता.  मोठ्या आईनं पदर डोक्यावर सारखा केला आणि ती तशीच उभी राहिली.

दुसरबीडवाल्यांनी आपली पिशवी उचलली, हातानं वजन पाहिलं. "किती जास्त टाकू?" त्यांनी मला विचारलं.

मी कॅल्क्युलेटरवर आठाला सातानं भागलं. खरं तर त्यासाठी तो लागत नव्हता, पण बघायला काहीतरी हवं होतं. "सात मुठींच्या जागी आठ."

मोठ्या आईनं त्यांच्या पिशवीत वरून बी ओतलं. त्यांनी थांबवलं नाही, आभारही मानले नाहीत. पुढच्या वर्षी ते आले नाहीत असं वहिनीनं नंतर कधीतरी बोलता बोलता सांगितलं.

त्या दिवशी मोठी आई माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या सकाळी तिनं ओसरीवर, ती नेहमी बसायची त्याच्या शेजारी, एक पोतं अंथरलं आणि मला आतून बोलावलं. "बस. येईन त्याले तूच सांग. दहात सात म्हनून. आन सातच्या जागी आठ."

शिक्षा होती की काय, मला अजून नक्की सांगता येत नाही. सुट्टीचे उरलेले दिवस मी त्या पोत्यावर बसून काढले. येणाऱ्या प्रत्येकाला, आधी रामराम, मग दहात सात.  काही जण ऐकून परत गेले. काहींनी घेतलं. घासाघीस कुणी केली नाही, आणि मोठी आई कुणालाही थांबा म्हणाली नाही. सेल त्याच आठवड्यात संपले. परीक्षेसाठी नवे घ्यायचे होते ते जवळच्या मेहकरला मिळतात का विचारायचं राहूनच गेलं.

निघायच्या आदल्या दिवशी एक म्हातारी आली, कंबरेत वाकलेली. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, दहात सात, सातच्या जागी आठ, आणि मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "थे सारं ठीक हाय बाई. माह्या दहात किती निघतीन, थे सांग."

"ते सांगता येत नाही, आजी."

"सातबी नाई निघाल्या तं?"

"नाही निघाल्या तर नाही. पाच निघू शकतात. नऊही निघतील."

म्हातारी मोठ्या आईकडे वळली. "मंग हे शिकली काय वं नागपूरले?"

"थेच शिकली," मोठी आई म्हणाली, आणि माप भरायला वाकली. म्हातारीनं जराशानं लुगड्याचा ओचा पुढे केला.